धंद्याचं मॉडेल एक्सेलमध्ये: कुठे जमतं आणि कुठे अडतं

या आठवड्याच्या व्हिडिओत स्क्रीनवर शीट भराभर पुढे सरकली, त्यामुळे आकडे लिहून घ्यायला वेळ मिळाला नसेल. म्हणून तोच धडा इथे सावकाश घेऊ, आणि व्हिडिओत वेळेअभावी राहिलेलंही थोडं जोडू. वही-पेन घ्या किंवा मोबाईलवर गुगल शीट उघडा. नुसतं वाचून हा विषय डोक्यात बसत नाही, आकडे स्वतः भरावे लागतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. 'मॉडेल' म्हटलं की लोकांना मोठ्या कंपन्यांचं काहीतरी वाटतं. पण बँकेत कर्जासाठी तुम्ही जो प्रोजेक्ट रिपोर्ट देता, तेही तुमच्या धंद्याचं मॉडेलच असतं. पहिल्या वर्षी इतकी विक्री, दुसऱ्या वर्षी दहा टक्के जास्त, तिसऱ्या वर्षी आणखी दहा टक्के. कॉम्प्युटरवर तयार केलेला न झालेला धंदा. आणि त्याच्या भरवशावर पाच-सात वर्षांचा हप्ता तुमच्या डोक्यावर बसतो. म्हणून तो कागद खरा धंदा कितपत दाखवतो, हे बँकेच्या साहेबांपेक्षा तुम्हाला जास्त कळायला हवं.

एका वहीच्या पानावर झालेली सुरुवात

जे फॉरेस्टर हे अमेरिकेतले इंजिनिअर. नेब्रास्कातल्या गुरांच्या फार्मवर वाढलेले. एमआयटीत त्यांनी 'व्हर्लविंड' नावाचा सुरुवातीच्या काळातला कॉम्प्युटर उभा केला आणि १९५६ साली तिथल्याच मॅनेजमेंट स्कूलमध्ये आले. त्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे लोक एक कोडं घेऊन त्यांना भेटले. केंटकी राज्यातल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन-चार पाळ्या लावाव्या लागायच्या, आणि दोन-तीन वर्षांनी निम्मे कामगार घरी बसवावे लागायचे. बाजारात तेजी-मंदी असतेच, असं म्हणून ते सोडून देता आलं असतं, पण तेवढ्याने कुणाचं समाधान होईना.

फॉरेस्टरनी बाजाराचा अभ्यास करण्याआधी माणसांना विचारलं. माल कमी पडला की तुम्ही काय करता? नवीन माणसं कधी घेता? ऑर्डर किती टाकता, कशावरून ठरवता? मग वहीच्या पानावर रकाने आखले: स्टॉक, कामगार, ऑर्डर. एकेक आठवडा हाताने पुढे सरकवत गेले. त्यात दिसलं ते असं की बाहेरून येणारी मागणी अगदी एकसारखी ठेवली, तरी कामगारांची संख्या वरखाली झोके घेत राहते. दोष बाजारात नव्हता, कंपनीच्या स्वतःच्या ठरवण्याच्या पद्धतीत होता. पुढे १९५८ मध्ये त्यांचे सहकारी रिचर्ड बेनेट यांनी हीच आकडेमोड कॉम्प्युटरवर करून देणारा प्रोग्रॅम लिहिला. १९६१ साली फॉरेस्टरचं 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' हे पुस्तक आलं. पण मुळात ते सगळं पेन्सिलीने झालं होतं, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे तर एक्सेल आहे.

आता आपल्या दुकानाचं गणित

समजा तुमचं पूजा साहित्याचं दुकान आहे. अगरबत्तीचे बॉक्स मैसूरहून मागवता. आठवड्याला २० बॉक्स विकले जातात. शेल्फवर दोन आठवड्यांचा माल असावा असा तुमचा नियम, म्हणजे ४० बॉक्स. शनिवारी ऑर्डर टाकता आणि माल त्याच्या पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात हातात पडतो. सगळं सुरळीत आहे. दर शनिवारी २० ची ऑर्डर, दर आठवड्याला २० ची विक्री.

मग जवळ एक नवीन सोसायटी राहायला येते आणि विक्री २४ होते. फक्त एकदाच वाढते, आणि नंतर कायम २४ राहते. सण नाही, सीझन नाही.

ऑर्डरचा नियम साधा ठेवू, बहुतेक दुकानदार पाळतात तसा: या आठवड्यात जेवढे विकले तेवढे मागवायचे, आणि शेल्फवर हव्या त्यापेक्षा जितके कमी असतील तितके त्यात मिळवायचे. जास्त असतील तर वजा करायचे. आता विक्री २४ झाली म्हणून शेल्फवर ४८ हवेत.

पहिला आठवडा: आधीचे ४०, आले २०, विकले २४, उरले ३६. ऑर्डर २४ अधिक १२, म्हणजे ३६.
दुसरा: आले २०, विकले २४, उरले ३२. ऑर्डर ४०.
तिसरा: आता पहिल्या आठवड्याची ऑर्डर पोचली. आले ३६, उरले ४४. ऑर्डर २८.
चौथा: आले ४०, उरले ६०. ऑर्डर १२.
पाचवा: आले २८, उरले ६४. ऑर्डर फक्त ८.
सहावा: आले १२, उरले ५२. ऑर्डर २०.
सातवा: आले ८, उरले ३६. ऑर्डर ३६.
आठवा: आले २०, उरले ३२. ऑर्डर ४०.

आठवा आठवडा म्हणजे हुबेहूब दुसरा आठवडा. इथून पुढे हेच चक्र सहा-सहा आठवड्यांनी फिरत राहतं. गिऱ्हाईक शांतपणे दर आठवड्याला २४ बॉक्स नेतंय, आणि तुमची ऑर्डर ८ आणि ४० च्या मध्ये उड्या मारतेय. मैसूरचा पार्टीवाला तुम्हाला वेडं समजेल. तो स्वतःही तुमच्या ऑर्डर बघून पुढे काडी आणि सेंटची ऑर्डर टाकतो, म्हणजे तिथे उडी आणखी मोठी होते. एमआयटीत हाच अनुभव देण्यासाठी 'बिअर गेम' नावाचा खेळ खेळवतात. दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि कारखाना असे चार जण बसतात, आणि शेवटी प्रत्येक जण म्हणतो की गोंधळ दुसऱ्याने घातला.

दुकानदाराच्या जागी उभं राहून हे बघा. पाचव्या आठवड्यात ६४ बॉक्स पडलेत, म्हणून तो म्हणतो मंदी आली. आठव्या आठवड्यात ३२ राहिलेत, म्हणून तो म्हणतो तेजी आली, अजून मागवा. वर्षभरानंतर मागे पाहून तो ठरवतो की 'आपल्या लाइनमध्ये मागणीचा भरवसाच नाही', आणि जास्तीचा माल ठेवायला गोडाऊन भाड्याने घेतो. त्या गोडाऊनचं भाडं एका चुकीच्या नियमासाठी जातं.

नियमात चुकलं कुठे? वाटेत असलेला माल मोजलाच नाही. दुसऱ्या आठवड्यात शेल्फवर ३२ दिसले म्हणून ४० मागवले, पण त्याआधी मागवलेले ३६ ट्रान्सपोर्टमध्ये होतेच. आता नियम बदला: शेल्फवर दोन आठवड्यांचे आणि वाटेत एका आठवड्याचे, असे मिळून ७२ बॉक्स धरायचे, आणि त्यातून शेल्फवरचा आणि वाटेतला दोन्ही माल वजा करायचा. पहिल्या आठवड्यात ३६ शेल्फवर, २० वाटेत, कमी पडतात १६. ऑर्डर ४०. दुसऱ्यात ३२ शेल्फवर, ४० वाटेत, बरोबर ७२. ऑर्डर २४. तिसऱ्यात ४८ शेल्फवर, २४ वाटेत. ऑर्डर २४. संपलं. तीन आठवड्यांत गाडी रुळावर.

एका रकान्याचा फरक! म्हणून मी म्हणतो की हे शिकण्यासारखं आहे.

मग अडतं कुठे?

वरचं उदाहरण एवढं सरळ निघालं, कारण त्यातला नियम मी लिहिला होता. खऱ्या दुकानात नियम कुणी लिहून ठेवलेला नसतो. मालकाला विचारलं तर सांगेल, 'बघतो, अंदाज येतो.' मॉडेल बनवणाऱ्याची खरी कसोटी फॉर्म्युल्यात लागत नाही, या 'बघतो'च्या आत काय आहे ते काढून घेण्यात लागते. आणि माणूस सांगतो एक, करतो दुसरंच. सांगतो की स्टॉक बघून ऑर्डर टाकतो, प्रत्यक्षात सेल्समन दारात उभा राहिला की टाकतो. स्कीम लागली की दुप्पट टाकतो. महिनाअखेरीला गल्ल्यात पैसे नसले की टाकतच नाही.

रिचर्ड सायर्ट आणि जेम्स मार्च या दोघांनी हे फार चांगलं करून दाखवलं. त्यांचं 'अ बिहेविअरल थिअरी ऑफ द फर्म' हे पुस्तक १९६३ चं. त्यांनी एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमधल्या एका विभागात किमती कशा ठरतात, त्याचं कॉम्प्युटर मॉडेल बनवलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकातून मागणी-पुरवठ्याचे वक्र आणले नाहीत. खरेदी करणारा माणूस रोज प्रत्यक्ष काय करतो, ते उतरवून घेतलं. निघालं काय? खरेदी किमतीला ०.६ ने भागायचं आणि उत्तर जवळच्या '९५ सेंट'वाल्या आकड्यावर न्यायचं. बस! नेहमीच्या मालाच्या किमतींपैकी सुमारे ९५ टक्के किमती त्या मॉडेलने अगदी सेंटपर्यंत बरोबर सांगितल्या.

जाता जाता एक गोष्ट, कारण बॅचमध्ये दर वेळी यावर गाडी अडते. ४० टक्के मार्जिन हवं असेल तर ६० रुपयांच्या वस्तूवर ४० टक्के चढवायचे नसतात. तसे ८४ रुपये होतात आणि मार्जिन साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपासच पडतं. ६० ला ०.६ ने भागा, १०० येतील. त्यात तुमचे ४०. शीटमध्ये हा फॉर्म्युला चुकला तर पुढचं सगळं मॉडेल गोडगोड खोटं बोलत राहतं.

दुसरी अडचण डेटाची. टॅलीत किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काय नोंदलं जातं? जे विकलं गेलं ते. जे गिऱ्हाईक 'आहे का?' विचारून परत गेलं, त्याचं बिल होत नाही. समजा महिन्यातले दहा दिवस तुमच्याकडे एखादा माल संपलेलाच होता. शीट म्हणते मागणी कमी आहे. मग तुम्ही कमी मागवता, मग माल आणखी लवकर संपतो, मग शीट म्हणते बघा, मागणी अजून कमी झाली. चांगला चालणारा माल असा रेकॉर्डच्या आधारे दुकानातून हद्दपार झालेला मी पाहिलाय. यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. काउंटरवर एक साधी वही ठेवा आणि 'नाही' म्हणून सांगितलेली प्रत्येक वस्तू त्यात लिहा. काउंटरवरच्या मुलाला हे काम कंटाळवाणं वाटणार, पण त्याच्याशिवाय मॉडेलला मागणी माहीतच होत नाही.

तिसरी गोष्ट सरासरीची, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण प्रोजेक्ट रिपोर्टमधला जवळजवळ प्रत्येक आकडा सरासरी असतो. एक काउंटर आहे. दर पाच मिनिटांनी सरासरी एक गिऱ्हाईक येतं, एकाला सरासरी चार मिनिटं लागतात. शीट म्हणेल की माणूस ८० टक्के वेळ कामात आहे, रांग लागायचं कारणच नाही. गिऱ्हाईक घड्याळ लावून आलं असतं तर खरंच लागली नसती. पण तीन जण एकदम येतात, मग वीस मिनिटं कुणीच येत नाही. एकाला एक पुडा हवा असतो, दुसऱ्याला सत्यनारायणाच्या सगळ्या सामानाची यादी. येणं आणि वेळ लागणं असं पूर्ण बेभरवशाचं धरलं, तर रांगेचं गणित सांगतं की रांगेत सरासरी १६ मिनिटं उभं राहावं लागेल. आणि एकाला चारऐवजी साडेचार मिनिटं लागायला लागली तर? तेच १६ मिनिटांचं ४० मिनिटांवर जातं! अर्ध्या मिनिटाच्या फरकाने. अर्थात ४० मिनिटं कोणी थांबत नाही, समोरच्या दुकानात जातं, आणि ते तुमच्या बिलात दिसत नाही, म्हणजे पुन्हा दुसऱ्या अडचणीवर आलो. हे रांगेचं गणित नवं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी टेलिफोन कॉलसाठी ते १९०९ मध्ये मांडायला सुरुवात केली होती.

चौथी अडचण वेळेची. नफा एका दिवशी होतो आणि पैसा दुसऱ्याच दिवशी येतो. आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण त्यांच्या परवानगीने सांगतो. लाडू-चिवडा बनवून दुकानांना द्यायचा धंदा. त्यांच्या शीटमध्ये ३० दुकानं, प्रत्येकी महिन्याला ३,००० चा माल, म्हणजे ९०,००० विक्री. खर्च ७० टक्के, म्हणजे ६३,०००. नफा महिन्याला २७,०००, पहिल्या महिन्यापासून! हातात स्वतःचे एक लाख. कागदावर सगळं सुंदर. पण दुकानदार पैसे दोन महिन्यांनी देणार होते, आणि त्याचा रकाना शीटमध्ये नव्हता. तो घातला, तर पहिले पैसे येण्याआधी दोन महिन्यांचा खर्च करायचा, १,२६,०००. लाखभर रुपयांत ते बसत नाही, दुसऱ्या महिन्यातच २६,००० कमी पडतात. धंदा फायद्यात, आणि बेसन आणायला पैसे नाहीत. ताईंनी सुरुवात २० दुकानांवर आणली. दोन महिन्यांचा खर्च ८४,००० झाला आणि हातात थोडं उरलंही. कर्जाचा अर्ज त्यांनी त्या वेळी केला नाही. त्यांना घाबरून मागे हटल्यासारखं वाटत होतं. मला तसं वाटत नाही.

मोठ्यांचंही चुकतं बरं का. जेपी मॉर्गन या अमेरिकेच्या बड्या बँकेला २०१२ मध्ये एका व्यवहारात सहा अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. कारणं बरीच होती, पण चौकशीत निघालं की धोका मोजण्याचं मॉडेल एक्सेलच्या शीटमधून चालत होतं, आकडे हाताने कॉपी-पेस्ट होत होते, आणि एका फॉर्म्युल्यात सरासरीने भागायच्या ऐवजी बेरजेने भागलं होतं. त्यामुळे धोका आहे त्यापेक्षा कमी दिसत होता. म्हणून माझा एक हट्ट असतो: शीट पूर्ण झाली की एक महिना कॅल्क्युलेटरवर हाताने करून बघा. आकडे जुळले नाहीत तर शीट बाजूला ठेवा.

आणि एक अडचण अशी आहे की ती कधीच पूर्ण सुटत नाही. मॉडेलमध्ये घातलेली माणसं मॉडेल बघून बदलतात. सेल्समनला महिन्याचं टार्गेट दिलं की तो पुढच्या महिन्याची ऑर्डर या महिन्यात ओढून आणतो. तुमच्या शीटमध्ये या महिन्याची विक्री वाढली, पुढच्या महिन्यात पडली. बाजारात काहीच बदललेलं नाही, तुम्ही फक्त टार्गेट दिलंत. अशा ठिकाणी जुन्या आकड्यांवरून पुढचं सांगणारं कुठलंही सॉफ्टवेअर, एआयचा शिक्का मारलेलं असलं तरी, तेच शिकणार जे तुम्ही स्वतः घडवलंत.

मग शीट किती मोठी करायची? माझं मत, दहा-बारा रकान्यांच्या पुढे एकट्या दुकानदाराने जाऊ नये. चाळीस रकाने झाले की एकही आकडा चुकीचा आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय तेवढंच शीटमध्ये घाला. अगरबत्तीच्या ऑर्डरचा प्रश्न असेल तर लाईटबिल कशाला?

या आठवड्याचा गृहपाठ

वरचं अगरबत्तीचं उदाहरण पहिल्या नियमाने, म्हणजे वाटेतला माल न मोजता, पुन्हा करा. फक्त माल यायला एक आठवडा जास्त लागतो असं धरा. पहिल्या ऑर्डरचा माल तिसऱ्याऐवजी चौथ्या आठवड्यात येईल. शेल्फवर अनुक्रमे ३६, ३२, २८, ४०, ५६ असे आकडे यायला हवेत. नाही आले तर रकाना एक ओळ वरखाली झालाय, तो तपासा. या वेळी झोका तेवढाच राहत नाही, दर फेरीला वाढत जातो.

सहाव्या आठवड्यात शेल्फवर ७६ बॉक्स होतील आणि ऑर्डरच्या रकान्यात वजा ४ येईल. तिथे थांबा. वजा ४ म्हणजे चार बॉक्स मैसूरला परत पाठवायचे. तुमचा पार्टीवाला माल परत घेतो का? घेत असेल तर वजा आकडा राहू द्या, पण परतीचं भाडं कोण देणार त्याचा रकाना घाला. घेत नसेल तर तिथे शून्य लिहा आणि पुढचे आठवडे त्यावरून काढा. दोन्ही शीट वेगवेगळ्या निघतील. तुमच्या लाइनमध्ये यातली कुठली खरी आहे, ते पार्टीवाल्याला फोन करून विचारा आणि मगच सातवा आठवडा भरा.